कागद कोणी ओढायचा

आमच्या घरात जेवताना टीव्ही लावत नाहीत. गरजच पडत नाही. माझा नवरा आणि त्याची मोठी बहीण एकदा ताटावर बसले की पहिल्या घासापासून जे क्लॅम्पवर सुरू होतात ते थेट हात वाळेपर्यंत. उभ्या दांडीचा घ्यावा की आडव्या दांडीचा, टोकाला रबर लावावं की नुसतं लोखंड ठेवावं, बोल्ट आरपार घ्यावा की प्लेटलाच आटे पाडावेत. मध्येच ताई काहीतरी म्हणतात आणि हा असा हसतो की त्याला ठसका लागतो. मग पाणी मी द्यायचं. हसण्यासारखं काय होतं ते मात्र मला कोणी सांगत नाही. "अगं, ते गाळ्यातलं आहे, तुला नाही कळायचं," एवढं म्हणून तो पुन्हा तिकडे तोंड करतो. लग्न झाल्यापासून मी ह्या दोघांना वाढते आहे आणि लग्न झाल्यापासून माझा जळफळाट होतो आहे. खोटं कशाला बोलू?

बायकांना सासूचा जाच असतो म्हणतात. माझी सासू बिचारी गरीब गाय होती, लवकर गेली. माझ्या वाट्याला नणंद आली. आणि ताई वाईट असत्या ना, तर किती बरं झालं असतं! चार ठिकाणी सांगता आलं असतं, आईकडे जाऊन रडता आलं असतं. पण माझ्या बाळंतपणात रात्र रात्र जागलेली बाई ती. मुलीची फी, माझं गुडघ्याचं दुखणं, सगळ्याला पुढे. अशा माणसावर जळायचं म्हणजे फार अवघड असतं. आतल्या आत जळावं लागतं आणि वर "ताई, अजून एक पोळी घ्या" म्हणावं लागतं.

आमचा गाळा ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये. सासऱ्यांनी घेतलेला. ते फिक्श्चर बनवायचे, आता हे दोघं बनवतात. फिक्श्चर म्हणजे काय ते मला लग्नानंतर कळलं. कारखान्यात एकसारखे तुकडे दिवसभर ड्रिल करायचे किंवा जोडायचे असले, की प्रत्येक तुकडा अगदी त्याच जागी घट्ट बसावा लागतो. त्यासाठी एक जाड लोखंडी पाट बनवतात आणि त्यावर तुकडा दाबून धरणारे क्लॅम्प बसवतात. टॉगल क्लॅम्पची दांडी दाबली की त्याचा सांधा मधली रेघ ओलांडून पलीकडे जातो आणि तिथेच अडकून बसतो. मग खालून कितीही रेटा, ढिम्म हलत नाही. दांडी उलटी उचलली की पटकन सुटतो. सासरे म्हणायचे, "टॉगल क्लॅम्प म्हणजे जावई. बसला की बसला, उठवायची युक्ती माहीत पाहिजे." जावई त्यांना मिळालाच नाही. ताईंनी लग्न केलं नाही, गाळा केला.

सासऱ्यांनी एक नियम घालून ठेवलेला. क्लॅम्प बसवून झाला की तो नीट दाबतो का, हे कागदाने बघायचं. कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान घ्यायचं, त्याच्या पट्ट्या कापायच्या, क्लॅम्पच्या रबरी टोकाखाली पट्टी ठेवायची, दांडी दाबायची आणि पट्टी ओढायची. पट्टी फाटली तर पकड चांगली. अख्खी निसटून हातात आली तर पकड कमी. मग स्पिंडल, म्हणजे टोकाचा स्क्रू, फिरवून टोक खाली घ्यायचं, तो हलू नये म्हणून चेकनट आवळायचा आणि पुन्हा कागद. आता ह्यासाठी मशिनं मिळतात, किती किलोने दाबलं ते आकड्यात दाखवतात. आमच्याकडेही एक आहे, खोक्यात. हे दोघं अजून कागदावरच.

आणि नियमाचा दुसरा भाग असा, की दांडी दाबणाऱ्याने कागद ओढायचा नाही. आपण दाबलेलं आपल्याला घट्टच वाटतं, म्हणून ओढणारा हात दुसरा पाहिजे. तर दांडी हा दाबायचा आणि कागद ताई ओढायच्या. समोरासमोर उभे राहून. "फाटला." "सुटला." "फाटला." एवढ्या दोन शब्दांत ह्यांचा अख्खा दिवस जायचा आणि दोघंही खूश.

मुलगी नोकरीला पुण्याला गेली तेव्हा मी घरात एकटी पडले. म्हटलं, आपण पण गाळ्यात जाऊ. माझं बी.कॉम. झालेलं आहे, मी काही अडाणी नाही. मला वाटलेलं, तिथे गेले की त्या बोलण्यात आपलाही पाय शिरेल. कसलं काय! मला दाराजवळचं टेबल दिलं. फोन घ्यायचे, बिलं काढायची, टेम्पोवाल्याशी भांडायचं. तेवढं मात्र "तूच कर, तुला छान जमतं". डोंबिवलीहून जायला आमची व्हॅन आहे. ताईंना गाडी लागते म्हणून ताई पुढे, नवऱ्याशेजारी. मी मागे, पान्यांच्या पेटीशेजारी. शीळफाट्याला ट्रॅफिक तुंबला की पुढे दोघांच्या गप्पा रंगायच्या आणि मी मागून दोन डोकी बघत बसायचे. एकदा म्हटलं, "मलाही मागे मळमळतं रे." तर हा म्हणतो, "खिडकी उघड."

त्यात ते कॅलेंडर. पानामागे उपासाच्या थालीपिठाची कृती होती, मी खूण करून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी बघते तर त्याच्या पट्ट्या! ताई म्हणाल्या, "अगं, महिना संपला ना?" संपला हो. माझ्या नाकाला काय मिरच्या झोंबल्या! कढईवर राग काढला, दुसरं काय करणार.

मग गेल्या पावसाळ्यात डोंबिवलीच्या एमआयडीसीतलं एक काम आलं. विजेच्या पॅनेलची पत्र्याची दारं बनवणारा कारखाना. दाराच्या कडेने आतून रबराची पट्टी चिकटवायची, म्हणजे पाणी आत जात नाही. गोंद सुकेपर्यंत ती चारही बाजूंनी दाबून धरायची आणि दाबलेल्या अवस्थेतच पाट उचलून मांडणीत सरकवायचा. आधीच्या कोणीतरी बनवून दिलेल्या फिक्श्चरमध्ये रबर सरकत होतं आणि दारंच्या दारं बाद होत होती. त्यांच्या मालकाने स्पष्ट सांगितलेलं, एक पाट बनवून आणा, आमच्याकडे बसवून दाखवा, जमलं तर पुढचं सगळं तुमचं. गाळ्याला असं काम बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं. त्यामुळे हे दोघं नुसते उधाणलेले. सकाळी चहाला क्लॅम्प, जेवताना क्लॅम्प, हात धुताना क्लॅम्प.

आडव्या दांडीचेच घ्यायचे ह्यावर दोघांचं एकमत होतं, कारण उभी दांडी मांडणीच्या वरच्या फळीला लागली असती. पण किती ताकदीचे, ह्यावर पहिल्यांदाच फाटलं. नवरा म्हणत होता जाड घेऊ. ताई म्हणत होत्या, "नको रे, तिथे बायका काम करतात. दिवसभर जाड दांड्या दाबून हात तुटतील त्यांचे. हलके घे." आणि अर्थातच हलके आले. ताई म्हणाल्या म्हणजे ब्रह्मवाक्य.

आता मी जे सांगणार आहे ते मला कळलं, कारण मी जळत होते. जळणारं माणूस फार बारीक बघतं. प्रेमाची माणसं बघतच नाहीत, त्यांना सगळं माहीत असतं ना! मी मात्र माझ्या टेबलावरून दिवसभर त्या दोघांकडेच बघत असायचे. तो काय बोलला, ती कशी हसली. तर मला दिसलं, की ताई कागद अंगठ्यात धरत नाहीत. पहिल्या दोन बोटांच्या फटीत धरतात. थोडं ओढतात. कागद ना फाटतो ना सुटतो. मग दुसरा हात हळूच पुढे येतो, टेबलाच्या कडेआड पट्टी टर्रकन फाडतो, आणि ताई म्हणतात, "फाटला."

पहिल्यांदा वाटलं, मला भास झाला. मग मी जास्तच बघायला लागले. चहाचा ग्लास दोन्ही तळव्यांत. चपलेचा पट्टा डाव्या हाताने. घरात तर किती दिवस चाललेलं, "कुकर तू उघड गं", "लोणच्याची बरणी तू उघड गं". मला वाटायचं, झालं, आता कुकरही मीच उघडायचा, बाईसाहेब फक्त क्लॅम्प उघडणार! पण तसं नव्हतं. ताईंचा उजवा अंगठा कामातून गेलेला. जाड क्लॅम्पची दांडी त्यांना स्वतःलाच दाबवत नव्हती, म्हणून बायकांचे हात पुढे केले. आणि हे त्या सख्ख्या भावापासून लपवत होत्या.

मला आनंद झाला. हो, झाला. वाईट वगैरे नंतर वाटलं असेल, आधी आनंदच झाला. वाटलं, सापडलात एकदाच्या.

त्याच दिवशी घरी मी नवऱ्याला गाठलं. ताई अंघोळीला गेलेल्या. म्हटलं, "ताईंचा अंगठा दुखतोय. कागद फाटत नाहीये, त्या हाताने फाडतात. तुझे क्लॅम्प हलके पडणार आहेत, बघ."

तो म्हणाला, "तुला ना, ताईचं काही बघवतच नाही."

"अरे, मी डोळ्याने बघितलं."

"तू कायम हेच बघतेस. ती कागद ओढायला लागली तेव्हा तू शाळेत होतीस. ती मला फसवेल?"

अंगाचा नुसता तिळपापड झाला. सगळ्यात राग कशाचा आला सांगू? तो म्हणाला ते खरं होतं. मला बघवत नव्हतंच. पण म्हणून मी बघितलेलं खोटं कसं होईल? जळक्या माणसाने खरं बोलूच नये का? त्या दिवशी मी जेवले नाही. दोघांनी मिळून माझी समजूत काढली, तीही ताईंनीच जास्त.

पाट तयार झाला, व्हॅनमध्ये चढला. आम्ही तिघं एमआयडीसीत गेलो. मी हट्टाने गेले. घरापासून जवळच तर होतं. कारखान्यात लांबलचक टेबलं, बाजूला मांडणी, आणि गोंदाच्या कामावरच्या सात-आठ बायका आमच्याभोवती जमलेल्या. त्यांची सुपरवायझर बाई हाताची घडी घालून उभी. पाट टेबलावर ठेवला, क्लॅम्पचे बोल्ट परत आवळून बघितले, दार बसवलं, रबर ठेवलं. नवऱ्याने पहिली दांडी दाबली. ताईंनी पर्समधून पट्ट्या काढल्या.

"फाटला."

दुसरा. "फाटला."

मी ताईंच्या मागेच उभी होते. तिसऱ्याला कागद सरळ निसटला. अख्खा. त्यांच्या बोटांच्या फटीतूनही सुटला आणि टेबलाखाली माझ्या पायाशी येऊन पडला. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, आणि तोंडाने म्हणाल्या, "फाटला."

नवरा चौथ्याकडे वळला. मी त्या पट्टीवर पाय ठेवला.

आता विचार करा. इतकी वर्षं ज्यासाठी जीव जळला ते माझ्या चपलेखाली होतं. नुसतं वाकायचं, उचलायचं आणि म्हणायचं, हा बघ तुझ्या ताईचा फाटलेला कागद. तुला फसवणार नव्हती ना? माझ्या अगदी ओठावर आलेलं. ताईंची मान खाली. त्यांचा उजवा हात पदराआड गेलेला. आणि समोर त्या सात-आठ बायका, ती सुपरवायझर. घरात मी ताईंना काय वाटेल ते बोलेन, पण परक्यांसमोर आमच्या माणसाचं हसं? ते मला नाही जमत. जमलं असतं तर किती बरं झालं असतं.

"ताई," मी म्हटलं, "चहा आलाय. तुम्ही जरा बसा. कागद मी ओढते."

"तू?" नवरा म्हणाला. "तुला काय येतं?"

"तुला दांडी दाबायची आहे ना? दाब. पहिल्यापासून."

"अगं, ते झालेत."

"परत करू."

ताईंनी पट्ट्यांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. देताना जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ही जागा हवी होती ना तुला? घे. पण झटका देऊ नकोस. झटक्याने कुठलाही कागद फाटतो. सावकाश ओढ." त्यांचे डोळे भरलेले.   मी कागद घेतला.

पहिला सावकाश ओढला. अख्खा हातात आला.

"सुटला."

"नीट ओढ."

"नीटच ओढला. सुटला."

"तुला ओढता येत नाही. ताई! हिला जरा दाखव गं."

मी तेव्हा काय करणार होते मला माहीत नाही, कदाचित पाना फेकून मारला असता. पण ताई स्टुलावरून म्हणाल्या, "ती बरोबर ओढतेय रे. क्लॅम्प हलके पडलेत. चूक माझी आहे." सगळ्यांसमोर, सरळ आवाजात. नवऱ्याने पाना उचलला. मग आम्ही एकेक स्पिंडल खाली घेत गेलो. काही फाटले. काहींचं टोक इतकं खाली घ्यावं लागलं, की दांडी मधली रेघ ओलांडेचना. सुपरवायझर बाई म्हणाली, "म्हणजे जमणार नाही का?" तेव्हा मीच म्हटलं, "जमणार. कोपऱ्यातले जाड लावून आणतो. आठवड्याने येतो." टेम्पोवाल्याशी भांडून भांडून माझा आवाज चांगला खणखणीत झालेला आहे. ती बरं म्हणाली.

परत येताना व्हॅनमध्ये ताईंनी स्वतःच सांगितलं. "माझा अंगठा गेलाय रे. वर्ष झालं. म्हटलं, हे कागदाचं पण गेलं तर मी गाळ्यात येऊन करू काय?" नवऱ्याने व्हॅन रस्त्याच्या कडेला घेतली. मागून ट्रकवाले हॉर्न मारतायत, ह्याला पर्वा नाही. त्याने ताईंचा हात हातात घेतला, अंगठ्याचा सांधा चाचपला, आणि रडायला लागला. "मला कसं नाही कळलं, ताई? मला कसं नाही कळलं?"

मी मागे बसून वाट बघत होते. आता म्हणेल, हिने सांगितलं होतं. आता वळून बघेल. नाही बघितलं. आणि मला मेलीला तेव्हाही काय वाटावं? ताईंच्या अंगठ्याचं वाईट वाटलं, पण त्याच्याही आधी वाटलं, माझा गुडघा दुखतो तेव्हा असा हात कधी लावलास रे?

ताईंना डॉक्टरने अंगठ्याला पट्टा दिला. सांधा झिजलाय, जोर लावायचा नाही म्हणाला. ताई माझ्या टेबलावर आल्या, फोनवर बसल्या. आणि मी नवऱ्यासमोर उभी राहिले, हातात कागद घेऊन. म्हणजे झालं ना मनासारखं? आता क्लॅम्पवर माझ्याशी बोलण्यावाचून त्याला गत्यंतरच नव्हतं. मी साडी सोडून गाळ्यात पंजाबी घालून जायला लागले. चेकनट कुठला, ॲलन बोल्ट कुठला, सगळं पाठ केलं. कानामागून आलेली मी, म्हटलं आता तरी तिखट होऊ.

कोपऱ्यांसाठी जाड क्लॅम्प निवडायचे होते. तो एक लांब दांडीचा घेऊन आला. लांब दांडीला जोर कमी लागतो, म्हणजे बायकांचे हातही वाचतील. मी म्हटलं, "हा नको. तिथे त्या बायका खांद्याला खांदा लावून बसतात. ही दांडी उघडी असताना बाजूच्या बाईच्या कोपराला लागेल. दांडी आतल्या बाजूला उघडेल असा फिरवून बसव." त्याने पाटाकडे बघितलं, मान तिरकी केली, क्लॅम्प उलटा धरून बघितला. मग नवीन भोकांच्या खुणा केल्या, ड्रिल मारलं, आटे पाडले. मी वाट बघत उभी. तो म्हणाला, "कागद." मी पट्टी ठेवली. "फाटला," मी म्हटलं. "पुढचा," तो म्हणाला. दिवसभरात आमचं एवढंच बोलणं झालं. मी मनाची समजूत घातली, काम आहे, कामात कोण बोलतं? ताईंशी बोलायचा, पण ते जाऊ दे.

ठरल्या दिवशी आम्ही दोघंच एमआयडीसीत गेलो, मी पुढच्या सीटवर. पाट बसवला. एकूण एक कागद फाटला. गोंदवाल्या बायकांनी स्वतः दांड्या दाबून बघितल्या. एक जण म्हणाली, "ही आत उघडते ते बरं केलंत, आधीच्याने माझं कोपर सोलून काढलेलं." सुपरवायझर बाईने पहिलं दार बाहेर काढलं, रबरावरून बोट फिरवलं, हसली. मालकाने तिथल्या तिथे पुढचं काम दिलं. माझी छाती अशी फुगलेली! व्हॅनमध्ये बसलो. म्हटलं, आता बोलेल. घरापर्यंतचा सगळा रस्ता तो शीळ वाजवत होता. मी दोनदा म्हटलं, "छान झालं ना?" तो म्हणाला, "हं."

घरी आलो. मी आमटी गरम केली, पानं घेतली. ताई पट्टा लावलेला हात मांडीवर ठेवून बसल्या. हा ताटावर बसला, पहिला घास तोंडात घातला, आणि ताईंकडे वळून जो सुटला!

"ताई, तुला सांगतो, काय मजा आली! तो कोपऱ्यातला क्लॅम्प मी लांब दांडीचा लावणार होतो. ही म्हणाली, नको, कोपराला लागेल. आणि अगं, हिचं बरोबर! तिथे एका बाईचं कोपर खरंच सोललेलं. मला आयुष्यात सुचलं नसतं. आणि कागद काय ओढते! तुझ्यासारखी, सावकाश, जराही झटका नाही. ती सुपरवायझर तोंडात बोट घालून बघत होती. बाबा असते ना, तर हिला म्हणाले असते..." आणि तो असा हसला की ठसका लागला.

मी पाणी दिलं नाही. भातवाढी हातात घेऊन तिथेच उभी राहिले. माझं कौतुक चाललेलं, माझ्याच घरात, माझ्यासमोर, आणि ते तिला सांगत होता! दिवसभर मी ह्याच्या हातभर अंतरावर उभी होते. येताना अख्खा रस्ता शेजारी होते. तेव्हा ह्याच्या तोंडाला कुलूप. ते उघडलं ते ताईंचं तोंड बघितल्यावर.

ताईंच्या लक्षात आलं. त्या खाली बघत म्हणाल्या, "मला काय सांगतोस? तिला सांग की."

"तिला काय सांगायचं?" तो खरोखरच गोंधळून म्हणाला. "ती होती ना तिथे."

मी भातवाढी खाली ठेवली. ताट ओढलं आणि त्याच्यासमोर बसले. आजवर मी ह्या दोघांबरोबर कधी जेवायला बसले नव्हते.

"मी तिथे नव्हते असं समज," मी म्हटलं, "आणि मला सांग. पहिल्यापासून."

"अगं, पण..."

तो ताईंकडे बघायला लागला.

"तिकडे नाही," मी म्हटलं. "माझ्याकडे बघून सांग."